स्पंदानंतरचं काम

निपाणी भागात वाढलेल्या माणसाला हातांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. तंबाखूच्या वखारी, तिथे दिवसभर राबणाऱ्या बायका, दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या म्हाताऱ्या, हे पाहतच आम्ही मोठे झालो. विडी वळताना बाई हाताकडे क्वचितच बघते. भिजवून मऊ केलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या मापाने कापायचं, चिमटीत तंबाखू घ्यायची, पानावर पसरायची, अंगठा आणि दोन बोटांनी वळायची, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. मजुरी हजारावर मिळते, म्हणून हात थांबत नाही. तंबाखू कमी पडली की जास्त झाली, पान कुठे चिरलंय का, हे डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं. माझी आजी हेच काम करायची. पुढे फिजिओथेरपी शिकून मी बेळगावच्या एका रुग्णालयात मेंदूच्या आजारांच्या रुग्णांसोबत काम करू लागले. अंगावरनं वारं गेलेल्या बायकांचे हात रोज हातात घेऊ लागले, तेव्हा आजीच्या बोटांबद्दल कितीतरी गोष्टी मला नव्याने समजल्या.

या भागातल्या हातांबद्दल पूर्वी बोललं गेलं ते मजुरीच्या आणि हक्काच्या अंगाने. 1981 साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी निपाणीजवळ महामार्ग अडवला. तंबाखू कामगार बायकांच्या लढ्यावर युगांतर या स्त्रियांच्या चित्रपटगटाने 1982 मध्ये माहितीपट केला. बोटाच्या टोकावरचा स्पर्श मेंदूत कसा पोचतो आणि तिथून हुकूम परत बोटांपर्यंत कसा येतो, ही त्याच हातांची दुसरी बाजू. ती पाहण्याची संधी मला एका यंत्रामुळे मिळाली. त्या यंत्राभोवती काम करताना जे मनापासून पटलं, ते इथे सांगायचं आहे.

मेंदूला चुंबकाने उद्दीपित करणारं हे यंत्र आमच्याकडे आलं ते मुळात नैराश्याच्या रुग्णांसाठी. अमेरिकेत 2008 साली त्या उपचाराला मान्यता मिळाली आणि पुढे आपल्याकडच्या शहरांतही ही यंत्रं दिसू लागली. यंत्राचं तत्त्व मात्र फार जुनं आहे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे मायकेल फॅरेडे यांनी 1831 साली दाखवलं. डोक्यावर टेकवायची कॉइल इंग्रजी आठच्या आकड्यासारखी असते. तिच्यातून क्षणभर फार मोठा प्रवाह सोडला की साधारण दोन टेस्लापर्यंत ताकदीचं चुंबकीय क्षेत्र उभं राहतं आणि मिलिसेकंदाच्या आत विरतं; हाच एक स्पंद. ही ताकद एमआरआयच्या यंत्राच्या तोडीची, पण एका टिचकीएवढा वेळ टिकणारी. कवटी या क्षेत्राला अडवत नाही. मेंदूच्या वरच्या थरात त्यामुळे बारीकसा प्रवाह निर्माण होतो आणि तिथल्या पेशी जाग्या होतात. 1980 मध्ये लंडनला मर्टन आणि मॉर्टन यांनी कवटीवरून थेट वीज देऊन हेच साधलं होतं, पण त्यात डोक्याची कातडी फार दुखायची. 1985 मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी चुंबकाचा मार्ग दाखवला आणि जाग्या, बोलत्या माणसाला न दुखवता समोर बसवून त्याच्या मेंदूला विचारणं शक्य झालं.

आमच्याकडे येणाऱ्या कुटुंबांना पहिली भीती असते ती शॉकची. आधी तेवढी दूर करावी लागते. भूल नाही, झोपवणं नाही, झटका नाही. डोक्यात धातूची क्लिप आहे का, कानात बसवलेलं श्रवणयंत्र आहे का, पेसमेकर आहे का, कधी फिट आली होती का, हे खोदून विचारायचं, कारण यातल्या काही बाबतीत हा उपचार देता येत नाही. बुगड्या, केसांतल्या पिना काढून ठेवायच्या. आवाज मोठा येतो म्हणून कानात बोळे घालायचे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या घरांत सासू मराठीत विचारते आणि जावई कानडीत, त्यामुळे सगळं दोन्ही भाषांत सांगायचं. सांगण्याला घाई केली तर पुढचं सगळं बिघडतं, हे इथे काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

मग सुरू होतो हाताचा शोध. दोन्ही कानांच्या वरून टाळूकडे जाणाऱ्या रेषेच्या आसपास मेंदूत एक खोल घळ आहे. तिच्या पुढच्या काठावर हालचालींचा पट्टा, मोटर कॉर्टेक्स, आणि मागच्या काठावर स्पर्शाचा पट्टा, सेन्सरी कॉर्टेक्स. मॉन्ट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्ड यांनी जाग्या रुग्णांच्या उघड्या मेंदूवर विजेचा हलका स्पर्श करून या पट्ट्यांवर शरीराचा कोणता भाग कुठे आहे ते 1937 मध्ये नोंदवलं. हात आणि तोंड यांना त्यात फार मोठी जागा मिळालेली आहे. पायाचा भाग दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीत खोल दडलेला, हाताचा भाग मात्र वरच्या बाजूला. कॉइलचा परिणाम दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच पोचतो, म्हणून हाताला विचारणं सोपं आणि पायाला अवघड.

अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या गुबगुबीत स्नायूवर आम्ही इलेक्ट्रोड चिकटवतो. कॉइल मधल्या रेषेशी तिरकी धरून, थोडी पुढे, थोडी मागे सरकवत स्पंद देतो. टक् असा आवाज होतो. योग्य जागा सापडली की बोट आपोआप टचकन हलतं, आणि पडद्यावर स्नायूच्या विजेची लहर उमटते. मेंदूतून निघालेला हुकूम हातापर्यंत यायला साधारण 20 मिलिसेकंद लागतात. मग ताकद हळूहळू कमी करत जायचं. ज्या कमीत कमी ताकदीला दहापैकी किमान पाच वेळा 50 मायक्रोव्होल्टची लहर मिळते, तो त्या माणसाचा उंबरठा. पुढचे सगळे उपचार या उंबरठ्याच्या हिशेबात ठरतात. नैराश्यासाठी कपाळामागच्या भागावर उपचार करायचे असले तरी आधी अंगठा हलवून पाहावा लागतो.

बोट हललेलं पाहून घरच्यांचे डोळे भरून येतात. महिनोन्‌महिने निपचित पडलेल्या हाताचं बोट डोळ्यांदेखत हललेलं असतं. एका मुलाने मला विचारलं होतं, "हात हाललाय की वो मॅडम! मग रोज लावा की ह्ये." त्याचा आनंद खरा होता आणि त्यात भर घालण्याआधी मला त्याला समजावून सांगावं लागलं की त्या क्षणी बोट आईने हलवलेलं नव्हतं. यंत्राने मेंदूला एक प्रश्न विचारला होता, मेंदूपासून बोटापर्यंतची वाट शाबूत आहे का? उत्तर होकारार्थी आलं होतं. त्या वाटेवरून आईने स्वतः चालायला शिकणं हे पुढचं काम, आणि ते मोठं काम.

त्याच्या आईबद्दल थोडं सविस्तर सांगते. निपाणीजवळच्या गावातली, आयुष्यभर विड्या वळलेली बाई. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकून उजवा हात गेलेला. खांदा, कोपर यांत बरीच ताकद परत आली होती, बोटंही मिटत होती. तपासणीत लहर मिळाली, म्हणजे वाट शाबूत होती. तरी हातात दिलेली वस्तू नजर हटली की खाली पडायची. मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याही पुस्तकातल्या वर्णनाहून स्पष्ट होतं. "हात माजाच हाय, बाई. पर बोटांस्नी काय कळंना झालंय." हुकूम जात होता. खबर परत येत नव्हती.

हालचाल आणि स्पर्श या दोन पट्ट्यांना आपण अभ्यासासाठी वेगळं करतो, पण मेंदूत ते एकाच घळीच्या दोन काठांवर समोरासमोर बसलेले आहेत आणि सतत एकमेकांना हालहवाल कळवत असतात. मनगटावरच्या नसेला हलका विजेचा स्पर्श केला तर त्याची खबर साधारण 20 मिलिसेकंदांत स्पर्शाच्या पट्ट्यात पोचते. नेमक्या त्या सुमारास मोटर कॉर्टेक्सवर चुंबकीय स्पंद दिला तर हाताची लहर लहान होते. आलेला स्पर्श हालचालीला क्षणभर थोपवतो. उलट, नसेचा स्पर्श आणि मोटर कॉर्टेक्सवरचा स्पंद 25 मिलिसेकंदांच्या अंतराने पुन्हा पुन्हा जोडीने दिले तर त्यानंतर बराच वेळ हाताचा प्रतिसाद वाढलेला राहतो. अंतर 10 मिलिसेकंदांचं ठेवलं तर तो कमी होतो. 2000 सालापासून पुढे जर्मनीतल्या संशोधकांनी हे दाखवलं. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. चुंबक तोच, जागा तीच, फक्त स्पर्श कोणत्या क्षणी आला यावर परिणामाची दिशा बदलते.

स्पर्शाच्या पट्ट्यावर स्पंद दिला तर बोट हलत नाही आणि बहुतेक वेळा काही जाणवतही नाही. मग तिथे परिणाम झाला हे कळतं कसं? बोटाला अगदी हलका स्पर्श करायचा आणि त्याच सुमारास स्पंद द्यायचा. 1991 साली लिओनार्डो कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं करून पाहिलं तेव्हा स्वयंसेवकांना झालेला स्पर्शच कळेनासा झाला. स्पर्श बोटाला झाला होता, नसेतून निघालाही होता, पण ज्या क्षणी तो मेंदूच्या दारात पोचला त्या क्षणी तिथे गोंधळ माजलेला होता. पुढे 1997 मध्ये कोहेन यांच्याच गटाने लहानपणापासून अंध असलेल्या ब्रेल वाचकांच्या मेंदूच्या मागच्या, डोळस माणसांत पाहण्याचं काम करणाऱ्या भागावर स्पंद दिले, तर त्यांचं बोटांनी चाललेलं वाचन चुकू लागलं. डोळ्यांची मोकळी जागा बोटांनी वापरात घेतली होती. मेंदूचा नकाशा वापराने बदलतो, याचा याहून ठळक पुरावा मला तरी माहीत नाही.

हा नकाशा सरावाने किती लवकर बदलतो हेही चुंबकानेच दाखवलं. 1995 मध्ये अल्वारो पास्कुआल-लिओने यांनी पियानो न येणाऱ्या लोकांना पाच बोटांचा एक साधा धडा दिला. रोज दोन तास, पाच दिवस. बोटांची हालचाल करणारा मोटर कॉर्टेक्सचा भाग दिवसागणिक विस्तारत गेला. काहींनी पियानोला हात न लावता तोच धडा फक्त मनात घोकला, त्यांच्या मेंदूतही बदल दिसला. बेळगावच्या श्रोत्यांना हे सांगायला मला फार आवडतं, कारण पंडित रामभाऊ विजापुऱ्यांच्या या गावात हार्मोनियमचा रियाज घरोघरी ऐकलेला आहे. रियाज बोटांत बसतो असं आपण म्हणतो. तो मेंदूत कुठे आणि किती जागा धरतो ते आता मोजता येतं.

आता उपचाराकडे येते. एकेकटा स्पंद प्रश्न विचारतो, तर स्पंदांची माळ मेंदूचा प्रतिसाद काही काळासाठी बदलते. सेकंदाला एक या संथ गतीने दिलेले स्पंद त्या भागाची उत्तेजना साधारणपणे कमी करतात, सेकंदाला पाच किंवा त्याहून जास्त गतीचे वाढवतात. 2005 मध्ये लंडनच्या संशोधकांनी तीन-तीन स्पंदांचे झुबके वापरून हेच काम अगदी थोडक्या वेळात होतं असं दाखवलं. झुबके सलग 40 सेकंद दिले तर प्रतिसाद घटतो, मधे मधे थांबत सुमारे तीन मिनिटं दिले तर वाढतो. हा बदल 20 मिनिटं ते तासभर टिकतो. मग मेंदू पूर्वपदावर येतो. या मुदतीचा विचार मी सतत करत असते. यंत्र बंद झाल्यावर मिळालेला हा वेळ रुग्णाचा असतो. तो व्हरांड्यातल्या बाकावर बसून गेला तर स्पंद वाया गेले असं मला वाटतं.

स्पर्शाच्या बाबतीतही असंच दिसलं आहे. जर्मनीतल्या बोखुमच्या गटाने 2005 मध्ये तर्जनीच्या स्पर्शाच्या पट्ट्यावर सेकंदाला पाच या गतीने स्पंद दिले. त्यानंतर जवळजवळ टेकवलेली दोन टोकं वेगळी ओळखण्याची त्या बोटाची क्षमता काही काळ सुधारली आणि मेंदूतली त्या बोटाची जागाही विस्तारलेली दिसली. त्याआधी त्याच गटाने स्पंदांसोबत बोटाला प्रत्यक्ष स्पर्शाचा सरावही देऊन पाहिला होता. नुसत्या सरावापेक्षा दोन्ही मिळून फायदा जास्त झाला.

आमच्या विभागात न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्याने उपचार ठरत गेला आणि त्यातला हाताचा भाग माझ्याकडे आला. त्या बाईंसाठी मी कापडी पिशवीत ज्वारी, हरभरा, तूरडाळ वेगवेगळी ठेवली. डोळे मिटून हात घालायचा आणि काय आहे ते सांगायचं. सुरुवातीला सगळंच एकसारखं लागायचं. मग खरखरीत पोतं आणि मऊ साडीचं टोक, कोमट आणि गार पाण्याच्या वाट्या. एकदा मुलाने घरून तेंदूची पानं, कात्री आणि दोरा आणला. रुग्णालयात तंबाखू आणायला मी नकार दिला, त्याऐवजी चहापत्ती घेतली. पान हातात आलं तेव्हा त्यांच्या बसण्यातच फरक पडला. पाठ ताठ झाली, मांडी नीट जुळली, डावा हात आपोआप सूप सावरायच्या जागी गेला. उजवी बोटं चुकत होती, पण काय करायचं आहे हे त्यांना ठाऊक होतं. प्लास्टिकचे ठोकळे उचलताना ही तयारी त्यांच्या अंगात कधीच दिसली नव्हती.

याचं कारण विज्ञानात सापडतं आणि ते मला या सगळ्या कामाचं मर्म वाटतं. उंबरठा मोजताना रुग्णाला स्नायू किंचित आवळायला सांगितला तर तोच स्पंद कितीतरी मोठी लहर उठवतो. नुसतं बोट हलवतोय अशी कल्पना करायला सांगितली तरी लहर वाढते. 1995 मध्ये इटलीतल्या पार्मा इथे लुचानो फादिगा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दुसऱ्याचा हात वस्तू उचलताना पाहिला तरी पाहणाऱ्याच्या त्याच स्नायूंचा प्रतिसाद वाढतो. बंगळूरच्या निम्हान्समध्ये उर्वक्ष मेहता आणि सहकाऱ्यांनी हीच पद्धत वापरून स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत हा वाढीव प्रतिसाद कमी असल्याचं 2014 मध्ये मांडलं. म्हणजे चुंबकाचा परिणाम फक्त चुंबकावर ठरत नाही. त्या क्षणी माणूस काय करतोय, काय पाहतोय, कशाची इच्छा धरतोय, बोटांना काय लागतंय, यावर तो ठरतो. म्हणून मी त्या बाईंच्या शेजारणीला एक दिवस सोबत यायला सांगितलं. ती समोर बसून विड्या वळत राहिली, या बघत राहिल्या आणि मग दोघी मिळून करू लागल्या.

बोटं पूर्वीसारखी झाली असं मी म्हणणार नाही. विडीच्या मजुरीवर त्या परत गेल्या नाहीत. पण पिशवीतलं धान्य ओळखू लागल्या आणि दोन्ही हातांनी भाकरी थापू लागल्या. यात यंत्राचा वाटा किती आणि सरावाचा किती, हे एका रुग्णावरून कोणी सांगू नये. ते सांगायला मोठे, काटेकोर प्रयोग लागतात आणि त्यांचे निकाल आपल्याला नम्र करणारे आहेत.

त्यातल्या एका प्रयोगाबद्दल प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना मी सांगते. पक्षाघातानंतर निरोगी बाजूचा अर्धगोल आजारी बाजूला जास्तच दाबून ठेवतो, म्हणून निरोगी बाजूला संथ स्पंदांनी शांत करावं, अशी एक कल्पना आहे. अमेरिकेतल्या बारा केंद्रांवर 199 रुग्णांमध्ये ती तपासली गेली आणि निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. पक्षाघाताला तीन महिने ते एक वर्ष झालेले हे लोक. काहींना खरे स्पंद, काहींना फक्त आवाज करणारे खोटे. प्रत्येक सत्रात सगळ्यांनाच हाताचे, कामाशी जोडलेले व्यायाम. खऱ्या स्पंदांच्या गटात 67 टक्के लोकांचा हात चांगल्यापैकी सुधारला. खोट्या स्पंदांच्या गटात 65 टक्के. दोन्ही गट सुधारले आणि दोन्हींत समान होता तो सराव. दुसरीकडे, युरोपातल्या तज्ज्ञांनी 2020 मध्ये घेतलेल्या आढाव्यात पक्षाघातानंतरच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांत हीच पद्धत हातासाठी उपयोगी असल्याचा पुरावा भक्कम मानला आहे. वेळ महत्त्वाची आहे, माणूस महत्त्वाचा आहे. 2013 मध्ये 52 निरोगी लोकांवर झालेल्या एका अभ्यासात झुबक्यांच्या स्पंदांना अपेक्षित दिशेने प्रतिसाद देणारे आणि उलट दिशेने जाणारे असे दोन्ही प्रकारचे लोक आढळले. ज्याला हे माहीत आहे, तो माणूस घरदार गहाण टाकून आलेल्या कुटुंबाला खात्रीचे शब्द देणार नाही.

खात्रीचे शब्द देता येत नसले तरी अंदाज देता येतो आणि तिथे या यंत्राचं मोल मला सर्वांत जास्त वाटतं. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या कॅथी स्टिनिअर यांनी पक्षाघातानंतरच्या पहिल्या आठवड्यातच हाताचा अंदाज बांधण्याची पद्धत तयार केली. तिसऱ्या दिवशी खांदा बाजूला उचलता येतो का आणि बोटं सरळ करता येतात का, याला दहापैकी गुण द्यायचे. पाच किंवा जास्त गुण असतील तर यंत्राची गरजच नाही. कमी असतील तर चुंबकाने लहर मिळते का पाहायचं. लहर मिळाली तर हात आज निपचित असला तरी चांगला सुधारण्याची शक्यता मोठी. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित पद्धतीत चारपैकी तीन रुग्णांच्या बाबतीत अंदाज बरोबर आला. यातलं पहिलं पाऊल, खांदा आणि बोटं पाहणं, निपाणीच्या किंवा खानापूरच्या दवाखान्यातही करता येतं. त्याला वीज लागत नाही, नीट बघणारे डोळे लागतात.

लहर मिळत नाही तेव्हा मी काय बोलते? खोटी आशा लावत नाही आणि दारही बंद करत नाही. या हाताला जोर लवकर येईल असं दिसत नाही, असं सांगते. मग सांधे आखडू नयेत, खांदा दुखू नये, कपडे घालताना हात मदतीला यावा, एका हाताने घर कसं चालवायचं, हे शिकवायला घेते. मी कितीतरी घरांत पाहिलं आहे, स्पष्ट सांगितलेलं दुःख लोक पेलतात. धूसर ठेवलेली आशा त्यांना एका गावाहून दुसऱ्या गावी, कोल्हापूर, मिरज, बेळगाव अशी फिरवत राहते आणि त्यात सरावाचे सर्वांत मोलाचे आठवडे निघून जातात.

या कामाने मला वेदनेबद्दलही नवं शिकवलं. ऊस हे या भागाचं दुसरं पीक, आणि गुऱ्हाळाच्या चरकात हात गेलेली माणसं आमच्याकडे येतात. त्यांच्यातल्या एका गृहस्थांचा नसलेला हात रात्रंदिवस आवळल्यासारखा दुखायचा. "न्हाई त्यो हात दुखतोय म्हणून कुणाला सांगू?" असं त्यांनी विचारलं होतं. मेंदूत तो हात अजून आहे, हे मी त्यांना आकृती काढून दाखवलं. फ्रान्समधल्या लियों इथल्या संशोधकांनी 2006 मध्ये हात गमावलेल्या लोकांच्या मोटर कॉर्टेक्सवर स्पंद दिले तेव्हा काहींना नसलेला हात हलल्याची जाणीव झाली होती. नसांमुळे होणाऱ्या अशा वेदनेवर सेकंदाला दहा या गतीचे स्पंद दिले जातात आणि ते स्पर्शाच्या पट्ट्यावर न देता हालचालींच्या पट्ट्यावर दिले की आराम पडतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. वेदना जाणवते एकीकडे, तिच्यावरचा लगाम दुसरीकडे. आराम अर्धवट असतो आणि काही दिवसांनी, आठवड्यांनी उपचार पुन्हा द्यावा लागतो. या गृहस्थांची वेदना संपली नाही, पण ते रात्री सलग झोपू लागले. त्यांच्या मते त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांचं दुखणं खरं आहे असं कोणीतरी त्यांना सांगितलं.

हे यंत्र प्रत्येक तालुक्यात पोचावं असं मी म्हणत नाही. ते महाग आहे, वापरणाऱ्याला नीट प्रशिक्षण लागतं, आणि कोणत्या रुग्णाला किती फायदा होतो याचा शोध अजून सुरू आहे. माझं मागणं त्याहून साधं आहे. निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर, खानापूर इथल्या सरकारी दवाखान्यांत पक्षाघाताच्या रुग्णाला पहिल्या आठवड्यापासून हाताचा सराव शिकवणारं माणूस असावं. त्या सरावात ताकदीइतकाच स्पर्शाचा विचार असावा. रुग्णाला त्याच्या ओळखीच्या कामातून परत हाताकडे नेलं जावं, मग ती विडी असो, भाकरी असो, खुरपं असो की हार्मोनियम. घरच्यांनी रोज हात हातात घेऊन बोलावं, दाखवावं, सोबत करावं, कारण पाहण्यानेही मेंदू तयार होतो हे आता आपल्याला माहीत आहे. चुंबकाने चाळीस वर्षांत मेंदूबद्दल जे शिकवलं त्याचा सर्वांत मोठा फायदा यंत्राशिवायही घेता येतो. तो या सीमाभागातल्या प्रत्येक घरापर्यंत पोचवणं हे माझ्यासारख्यांचं काम आहे, आणि त्यासाठी माणसं नेमणं हे दोन्ही राज्यांच्या सरकारांचं.